मुलीला चित्रकला शिकायची आहे

मागच्या आठवड्यात शेजारच्या भाभी आल्या त्या काळजीतच. मुलगी बारावीला. "आपा, ती म्हणते चित्रकलाच शिकणार. तिचे अब्बा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तुम्हीच समजवा."

"कोणाला? तिला की त्यांना?" मी विचारलं.

अब्बांच्या शंका दोन : पोट कसं भरणार, आणि दीनच्या दृष्टीने हे चालेल का? दोन्ही रास्त आहेत. त्या हसण्यावारी नेऊ नयेत.

आधी पोटाचं बघू. मुंबईचं सर ज. जी. कला विद्यालय १८५७ पासूनचं. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही शासकीय कला महाविद्यालयं आहेत. बारावीनंतर बीएफए ही चार वर्षांची पदवी. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे तिचे भाग. हात वर्षभर चालता राहिला तरच ही परीक्षा जमते. शासकीय ठिकाणी फी खाजगीपेक्षा बरीच कमी असते. उपयोजित कला शिकलेल्यांना जाहिरात, पुस्तकांची मुखपृष्ठं, पॅकेजिंग यांत काम मिळतं. वस्त्रकला, सिरॅमिक याही शाखा आहेत. मात्र पहिली काही वर्षं कमाई बेताचीच, हे मुलीला आजच सांगावं.

दुसरी शंका नाजूक. सजीवांच्या चित्रांबाबत अनेक उलेमा मनाई सांगतात, काही जण त्यात फरक करतात. इथे मी फतवा देणार नाही. भरवशाच्या आलिमांना विचारा, पण पूर्ण माहिती देऊन विचारा. बीएफएच्या अभ्यासात मानवाकृतीचं रेखाटनही येतं, हे लपवू नका. प्रवेश घेतल्यावर ते कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आणि चित्र म्हणजे फक्त चेहरे नव्हेत. विजापूरच्या इब्राहीम रोजाच्या भिंतींवर दगडात कोरलेली खत्ताती पाहा.

भाभींना मी नसरीन मोहमदी यांच्याबद्दल सांगितलं. १९७२ पासून १९९० मध्ये इंतकाल होईपर्यंत त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवलं. त्यांची ओळख बनलेल्या चित्रांत माणसं नाहीत; आहेत त्या पेन्सिल आणि शाईच्या बारीक, नेटक्या रेघा. त्यांच्या मृत्यूनंतर, २०१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं.

भाभी म्हणाल्या, "म्हणजे मी हो म्हणू?"

"घाई नको. तिची वही तिच्या अब्बांसमोर ठेवा. त्यांनी ती कधी उघडून पाहिली आहे का?"

पाहिली नव्हती. परवा पाहिली. होकार अजून दिलेला नाही. पण सुट्टी काढून मुलीबरोबर कॉलेज, होस्टेल आणि फीचा तक्ता पाहायला ते स्वतः जाणार आहेत. घरात बोलणं पुन्हा सुरू झालं आहे. अल्हम्दुलिल्लाह, आज एवढंही पुष्कळ आहे.