सूर्याची वीज: आधीं हिशेब, मग खरेदी

ता. ३ जून २०२० रोजीं श्रीवर्धनच्या किनाऱ्यानजीक 'निसर्ग' चक्रीवादळ आदळलें, त्या वेळीं रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत विजेचे असंख्य खांब कोलमडले आणि कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. वाडीवर किंवा शेतावर ज्यांचें लहानसें घर आहे, त्यांस सूर्यशक्तीवर चालणारी राखीव वीज हवीशी वाटावी हें योग्यच आहे. परंतु ती मिळविण्याची जी रीत सर्रास दिसते, ती आम्हांस उलटी वाटते. लोक प्रथम दुकानांत जाऊन 'किती मोठा संच घ्यावा?' असें विचारतात. आमच्या मतें पहिला प्रश्न 'आम्हांस लागतें किती?' हा असला पाहिजे.

उदाहरणार्थ, दोन खोल्यांचें घर घेऊं. ९ वॅटचे तीन दिवे रोज ५ तास जळले तर १३५ वॅट-तास; ३० वॅटचा एक काटकसरी पंखा ८ तास फिरला तर २४०; दोन मोबाईल फोन भरण्यास सुमारे ३०. बेरीज ४०५. बॅटरी व इन्व्हर्टर यांत कांहीं शक्ति वायां जाते, म्हणून चतुर्थांश अधिक धरून सुमारे ५०० वॅट-तास, म्हणजे अर्धें युनिट. आतां गंमत पाहा. २००० वॅटचा गीझर अवघीं १५ मिनिटें चालविला तर तितकीच वीज खर्च होते! एका स्नानाच्या पाण्यांत साऱ्या घराची दिवसाची गरज बुडून जाते. म्हणून पाणी चुलीवर तापवावें, आणि गीझर, इस्त्री व पंप राखीव विजेस जोडूंच नयेत.

यानंतर बॅटरी. दोन दिवसांचा सांठा ठेवावयाचा तर १००० वॅट-तास हवेत. शिशाची बॅटरी वारंवार अर्ध्याहून अधिक रिकामी केल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून ती दुप्पट, म्हणजे १२ व्होल्टची सुमारे १७० अँपिअर-तासांची लागेल. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीची १०० अँपिअर-तासांची पुरते. तिची किंमत अधिक, पण ती टिकतेही अधिक.

सौर फलकाचा विचार सर्वांत शेवटीं. कोंकणांत पावसाळ्यांत तो निरुपयोगी, असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं; परंतु मार्चच्या उन्हावरून जुलैचा हिशेब मांडणाऱ्यांशींही नाहीं. उन्हाळ्यांत दिवसाकांठीं सुमारे ५ तासांच्या पूर्ण उन्हाइतका प्रकाश मिळतो. आभाळ भरलेल्या दिवसांत २ तासांहून अधिक धरूं नये. त्या मानानें ५०० वॅट-तासांस २५० वॅटचा फलक लागतो. ३०० ते ३५० वॅटचा घेतल्यास रिकामी बॅटरी पुन्हां भरण्यास थोडी शिल्लक राहते. त्याचें तोंड दक्षिणेकडे असावें, त्यावर माडाची सावली पडूं नये, आणि तो वादळांत उडणार नाहीं असा पक्का बांधावा.

एका गैरसमजाकडे आम्ही पालकांचें विशेष लक्ष वेधतों. २०२४ सालीं सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेखालीं अनेकांनीं छपरावर फलक बसविले आहेत. बॅटरी नसलेला असा संच सार्वजनिक वीजवाहिनीस जोडलेला असतो, आणि वाहिनी बंद पडतांच तोही आपोआप बंद होतो. भर उन्हांतही घरांत पंखा फिरत नाहीं. यास दोष म्हणूं नये. वाहिनींत वीज नाहीं असें समजून खांबावर चढलेल्या कामगारास आपल्या छपरावरच्या विजेचा धक्का बसूं नये, यासाठीं ही व्यवस्था आहे. म्हणूनच राखीव विजेची तार परस्पर घरच्या तारांस जोडणें हा नुसता निष्काळजीपणा नव्हे. तो दुसऱ्याच्या जिवाशीं खेळ आहे. मध्यें चेंजओव्हर स्विच असावा, आणि काम परवाना असलेल्या तारतंत्र्याकडूनच करवावें.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षां साधा इन्व्हर्टर बरा. जेथें वीज दोन-चार तासांत परत येते, तेथें हें खरें आहे, व तेथें आम्हीही तोच घ्या म्हणूं. परंतु त्याची बॅटरी भरण्यासही वाहिनीचीच वीज लागते. आठवडाभर ती आली नाहीं, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं फोन बंद पडतो, आणि आजारी माणसासाठीं डॉक्टरांस बोलाविण्याचा मार्ग खुंटतो. त्या दिवसासाठीं ही तजवीज आहे. शहरांतील सर्व सुखसोयी शेतावर नेण्यासाठीं नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं या सुटींत घरांतील प्रत्येक उपकरणावरील वॅटचा आंकडा वाचावा, तें दिवसांत किती तास चालतें हें लिहावें, व गुणाकार करून तक्ता वडील मंडळींपुढें ठेवावा. संच घ्यावयाचा कीं नाहीं हें तेच ठरवितील. पण दुकानाची पायरी चढतांना त्यांच्या हातीं आपल्या घराचा खरा आंकडा असेल.