शेणाचा हिशेब

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या शाळेच्या मागील कुंपणाला लागून जो उकिरडा आहे त्याला आता एकोणीस वर्षे होत आली. परंतु त्याचा पांग फिटल्याचे काही चिन्ह नाही. तो एका गवळ्याचा आहे. त्याच्या सहा म्हशी आहेत, जमीन मात्र गुंठाभरही नाही. माशा व दुर्गंधी यांबद्दल आम्ही आजवर दोन तक्रारअर्ज केले, आणि दोन्ही वेळा त्याच गवळ्याचा मुलगा आमच्या शाळेत शिकत होता, हेही येथे कबूल केले पाहिजे.

यंदाच्या हिवाळ्यात नववीच्या मुलांना घेऊन आम्ही चरोतरात गेलो. बडोद्याहून महीचा पूल ओलांडला की वासद लागते, आणि तेथून पुढे आंकलाव-बोरसदचा मुलूख. दुधासाठी हा प्रदेश जगाला ठाऊक आहे. आम्ही गेलो होतो ते शेण पाहण्यासाठी. (सहकारी शिक्षकांनी या सहलीला कोणते नाव दिले ते सांगत नाही.) मुजकुवा आणि झकरियापुरा या गावी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या पुढाकाराने घरोघर छोटी गोबरगॅस संयंत्रे बसली आहेत. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण आणि जवळजवळ तितकेच पाणी लागते. गॅसवर घरचा स्वयंपाक होतो. बाहेर पडणारी रबडी, म्हणजे स्लरी, प्रथम स्वतःच्या शेतात जाते आणि उरलेली प्रतीप्रमाणे विकत घेतली जाऊन तिचे खत बनते.

आमच्या मुलांना निळ्या ज्योतीचे कौतुक वाटले. आम्हांला मात्र रबडीपाशीच अधिक वेळ उभे राहावेसे वाटले. गॅस काढून घेतला म्हणजे शेणातील कस गेला, अशी आमची आजवरची समजूत होती. ती चुकीची निघाली. गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन व कार्बन डायऑक्साइड. नत्र, स्फुरद आणि पालाश बहुतांशी रबडीतच राहतात. इतकेच नव्हे, तर नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपात मोकळा होऊन पिकाला लवकर मिळू लागतो. गोम आहे ती येथेच. हीच रबडी उघड्यावर उन्हात वाळत ठेवली तर तो अमोनिया हवेत उडून जातो. म्हणून ती लगेच मातीत मिसळावी, नाहीतर पालापाचोळ्यात मुरवावी. गोवरी जाळणाऱ्या चुलीत तर नत्र पुरतेच जाते.

एका अंगणात आम्ही खडूने हिशेब मांडला. साध्या शेणखतात नत्राचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का, म्हणजे एका टनात 5 किलो. युरियाच्या 45 किलोंच्या गोणीत 46 टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे 20 किलो 700 ग्रॅम. तेव्हा एका गोणीची बरोबरी करायची तर चार टनांहून थोडे अधिक शेणखत वाहावे लागेल! घरच्या बेन हसून म्हणाल्या, "साहेब, गोणी डोक्यावरून नेता येते, हे गाड्याने न्यावे लागते. पण गोणीने माती भुसभुशीत होत नाही." आमच्या गणितात मातीचे खाते धरलेलेच नव्हते.

दुसरी गोष्ट मूत्राची. जनावराच्या शरीरातून पडणाऱ्या नत्राचा जवळजवळ निम्मा आणि पालाशाचा त्याहूनही मोठा वाटा मूत्रात असतो. कच्च्या गोठ्यात तो जमिनीत झिरपून जातो. आमच्या इंदूरच्या वाचकांना याचे नवल वाटू नये. त्यांच्याच गावी 1924 साली स्थापन झालेल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी 'इंदूर पद्धत' बसविली, तीत गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती हा एक आवश्यक थर होता. 1931 च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. हॉवर्डचे नाव जगभर गेले. वाडांचे नाव इंदुरातही किती घरांत ठाऊक असेल, कोण जाणे.

झिरपलेले नत्र कोठे जाते, हा प्रश्न मुलांपैकी ज्याने विचारला तो गवळ्याचाच मुलगा. त्याचे बरेचसे नायट्रेट होते आणि ते पाण्याबरोबर खाली उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या मुलांना त्यापासून सर्वांत अधिक धोका असतो. आमच्या शाळेचा हातपंप त्या उकिरड्यापासून वीस पावलांवर आहे. दोन्ही अर्जांत आम्ही माशांविषयी लिहिले; पाण्याविषयी एक अक्षर नाही. परत आल्यावर पंपाचे पाणी तपासणीस पाठविले आहे, आणि उत्तर येईपर्यंत मुलांना घरून पाणी आणण्यास सांगितले आहे.

त्या संध्याकाळी आम्ही गवळ्याकडे गेलो. मुलाने बापाला सारे आधीच सांगितले होते. संयंत्र बसविण्यास तो तयार आहे. सहा म्हशी असल्यावर शेणाला तोटा नाही. त्याने चहा दिला आणि विचारले, "साहेब, गॅस चुलीत जाईल, ठीक आहे. पण रोजची शंभर लिटर रबडी मी ओतू कुठे? चरोतरात घरामागे शेत आहे. माझ्या मागे तुमची शाळा आहे."

तिसरा अर्ज लिहून तयार होता. तो आम्ही टपालात टाकलेला नाही. शहराबाहेर भाजीचा मळा असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला निरोप धाडला आहे. आठवड्यातून दोनदा टाकी घेऊन येणे त्याला परवडते का, ते तो रविवारी येऊन पाहणार आहे.