मधमाशीला सातबारा लागत नाही



मधमाशीपालन शिकून आलो म्हटल्यावर एका कार्यकर्त्या मित्राने सुनावलं, "बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं आणि तू खादीवाल्यांचा ग्रामोद्योग शिकून आलास?"

प्रश्न रास्त आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाच्या उदात्तीकरणावर केलेला हल्ला आपण विसरू शकत नाही. पण त्यांचा विरोध जन्माने लादलेल्या कामाला होता, कौशल्याला नव्हता. वतनाची कामं आपल्या बापजाद्यांवर लादली गेली. पेटीतली मधमाशी पाळणं हे आपल्यावर कुणी लादलेलं नाही. ते आपण निवडायचं, नको वाटलं तर सोडायचं.

आणि यात शास्त्र आहे. नवशिक्याने आधी शिकायचं ते चौकट वाचायला. अंडं तीन दिवसांत फुटतं. म्हणजे ताजी अंडी दिसली तर राणी नुकतीच तिथे होती, तिला शोधत बसायला नको. खालच्या कोठ्यात पिलावा, वरच्या कोठ्यात मध. मध काढायचा तो वरचाच, तोही मेणाने बंद झालेल्या घरांतला. उघड्या घरांतला मध पातळ असतो, आंबतो. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, नाहीतर मुंग्या चढतात. पावसाळ्यात फुलोरा नसताना साखरेचा पाक दिला नाही तर सातेरी माशा पेटी सोडून जातात. सुरुवात दोन पेट्यांनी करा. एक कमजोर पडली तर दुसरीशी ताडून पाहता येतं.

आता मुद्द्याचं. माशी किलोमीटरभर फिरते. बांध आणि गट नंबर तिला ठाऊक नाहीत. पेटीला दोन हात जागा पुरते. म्हणजे हा भूमिहीनाला जमणारा धंदा. पण खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेच्या अटी वाचा. वैयक्तिक मधपाळाची स्वतःची शेती असल्यास प्राधान्य. केंद्रचालक प्रमुख मधपाळाला किमान एक एकर शेती हवी, मालकीची किंवा भाड्याची. अनुदान 50 टक्के, उरलेले 50 टक्के स्वतःचे. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली ज्यांच्यासाठी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, त्यांची नातवंडं याच ओळींपाशी गळतात. ही अट माशीने घातलेली नाही, ती कागदावर माणसांनी लिहिली आहे.

अडचणी आणखीही आहेत. शेजारचा बागायतदार भर फुलोऱ्यात औषध फवारतो आणि माशा मरतात. त्याला जाब विचारायची ताकद एकट्या घरात नसते. बौद्धवाड्यातला मध गाव विकत घेईल का, ही शंकाही खोटी नाही. म्हणून हे काम एकेकट्याने करायचं नाही. पाच-सात जणांचा गट करा, एकत्र शिका, स्वतःच्या लेबलने शहरात विका.

आणि मागणी स्पष्ट ठेवा: भूमिहीनांसाठी जमिनीची अट आणि प्राधान्य रद्द करा, अनुसूचित जातींच्या लाभार्थ्यांचा स्वहिस्सा त्यांच्याच विकास निधीतून भरा. तोवर अर्ज करत राहा. नाकारला तर कारण लेखी मागा. तो कागदच पुढच्या लढ्याचा पुरावा आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!