‘टुमॉरो’ म्हणजे नक्की कोणाचा उद्या?

‘धंद्यात इंग्रजीचं व्याकरण लागत नाही, समोरच्याला कळलं की झालं,’ असं बरेच जण म्हणतात. बऱ्याच बाबतीत ते मलाही पटतं. एखादा ‘द’ राहिला म्हणून ऑर्डर जात नाही. पण दुसऱ्याचं बोलणं इंग्रजीत कळवताना वेळेचा शब्द चुकला, तर तो थेट व्यवहाराला भोवतो.

उदाहरण घ्या. ट्रान्सपोर्टवाला 10 जूनला म्हणाला, ‘आय विल डिलिव्हर द गुड्स टुमॉरो.’ म्हणजे माल 11 तारखेला. 12 तारीख उजाडली तरी माल नाही, म्हणून तुम्ही कस्टमरला मेल टाकला, ‘ही सेड ही वुड डिलिव्हर द गुड्स टुमॉरो.’ आता कस्टमर 13 तारीख धरून बसणार! तुम्हाला सांगायचा होता मोडलेला वायदा, आणि गेला नवा वायदा. इथे ‘द नेक्स्ट डे’ हवं होतं.

असं का होतं? मराठीत आपण बोलणाऱ्याचे शब्द तसेच ठेवतो. ‘तो म्हणाला की उद्या माल देतो,’ हे दोन दिवसांनी सांगितलं तरी ऐकणाऱ्याला कळतं की तो ‘उद्या’ त्याचा होता. इंग्रजीच्या इनडायरेक्ट स्पीचमध्ये मात्र ‘टुमॉरो’ मोजतात तो कळवणाऱ्याच्या दिवसापासून.

शाळेतला तक्ता आठवत असेल: ‘नाऊ’चं ‘देन’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘यस्टर्डे’चं ‘द प्रीव्हियस डे’, ‘एगो’चं ‘बिफोर’. तक्ता चांगला आहे, पण डोळे झाकून वापरू नका. तोच निरोप 10 तारखेलाच कळवत असाल, तर ‘टुमॉरो’ तसाच ठेवा, तो बरोबर आहे. 11 ला कळवलात, तर ‘टुडे’ लिहा.

माझं मत सरळ आहे. तक्ता घोकण्यापेक्षा दोन प्रश्न विचारा: तो कधी बोलला? आणि मी कधी कळवतोय? शब्द आपोआप सुचेल. आणि पेमेंट किंवा डिलिव्हरीचा विषय असेल, तर थेट तारीखच टाका: ‘ही सेड ही वुड डिलिव्हर द गुड्स ऑन 11 जून.’ मेल कुणीही, कधीही उघडला तरी तारीख बदलत नाही.

आज एक काम करा. सप्लायरचं म्हणणं कस्टमरला कळवलेले तुमचे शेवटचे पाच मेसेज काढा आणि त्यातला प्रत्येक ‘टुमॉरो’ कोणाचा आहे ते तपासा.