द्रोणाचार्यांचा पगार

“मामा, आमच्या कोचना आता हे जमेल का हो?”

२०२५ च्या उन्हाळ्यात माझा भाचा सुट्टीवर आला होता, तेव्हाचा हा प्रश्न. भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात, ईस्ट लान्सिंग येथे शिकतो. तेथील विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे कोच टॉम इझो १९९५ पासून त्याच जागेवर आहेत. सत्तरी गाठलेला माणूस. तालमीतले पोर वस्तादाविषयी जसे बोलेल तसा माझा भाचा त्यांच्याविषयी बोलतो, आणि त्याने स्वतः तो चेंडू कधी हातात धरला असेल असे मला वाटत नाही.

“जमेल का” म्हणजे काय, तर खेळाडूंना पैसे देणे. त्याच वर्षी जून महिन्यात क्लॉडिया विल्कन या न्यायाधीशबाईंनी एका मोठ्या खटल्यातील तडजोडीवर शिक्कामोर्तब केले आणि कॉलेजांना आपल्या खेळाडूंच्या हातात सरळ पैसे ठेवण्याची मोकळीक झाली. पहिल्या वर्षाची मर्यादा, सगळे खेळ मिळून, एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर.

मी काही बोलण्याआधीच झोपाळ्यावर बसलेले आमचे अण्णा उसळले. अण्णा म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त मुख्याध्यापक. “पैसा आला की गुरू गेला! ज्याला शिष्याच्या हातात पाकीट ठेवावे लागते तो गुरू कसला? तो मुकादम! द्रोणाचार्यांनी अर्जुनाला पगार दिला होता काय?”

चहा निवत होता म्हणून मी त्या वेळी वाद घातला नाही. पण ते वाक्य मनात सलत राहिले. संपादकांनी दिवाळी अंकासाठी लेख मागितला तेव्हा म्हटले, वाचकांच्या फराळाच्या ताटात या वेळी गोडाऐवजी तिखट शेवेची मूठ टाकू.

तर द्रोणाचार्यांचेच घेऊ. अर्जुनाला पगार नव्हता हे खरे. पण द्रोणाचार्यांना होता की! घरात दूध नाही म्हणून पोर अश्वत्थामा पिठाचे पाणी दूध समजून प्याला आणि आनंदाने नाचला. ते पाहून बापाचे काळीज फाटले. द्रुपदाने दारात अपमान केला. मग आचार्य हस्तिनापूरला आले, भीष्मांनी त्यांना घर दिले, धान्य दिले, धन दिले, आणि ते राजपुत्रांचे शिक्षक झाले. यात गैर काहीही नाही. मी स्वतः मास्तर आहे; महिन्याच्या एक तारखेकडे डोळे लावून बसतो. माझे म्हणणे एवढेच, की गुरूच्या पोटाची कथा आपण डोळे पुसत सांगतो आणि शिष्याच्या पोटाचा विषय निघाला की आपल्याला एकाएकी संस्कृती आठवते. त्या एकलव्याला तर आचार्यांनी एक दिवसही शिकवले नव्हते. दक्षिणा मात्र वसूल केली, आणि तीही अंगठ्याची!

आता अमेरिकेतले हस्तिनापूर पाहा.

हा खेळच मुळात एका मास्तराने काढला. १८९१ च्या हिवाळ्यात स्प्रिंगफील्ड गावी, बाहेर बर्फ पडलेले, पोरे आत कंटाळलेली. तेव्हा जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने व्यायामशाळेत पीचच्या दोन टोपल्या उंच ठोकल्या आणि त्यात चेंडू टाकायला सांगितले. कोणाला काही द्यायचे नाही, कोणाकडून काही घ्यायचे नाही. तसेच राहिले असते तर अण्णांचे म्हणणे मी मुकाट्याने मान्य केले असते. परंतु त्या टोपल्यांतून पुढे पैशाचा पाऊस पडू लागला. तिकडे मार्च महिन्यात ६८ कॉलेजांची एक स्पर्धा होते. एनसीएए या त्यांच्या नियामक मंडळाने २०१० साली तिचे टीव्हीवरील हक्क १४ वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरना विकले. हो, १०८० कोटी. जॉन कॅलिपारी या नामांकित कोचशी केंटकी विद्यापीठाने २०१९ साली दहा वर्षांचा करार केला, तो सुमारे ८ कोटी ६० लाख डॉलरचा. बूट बनवणाऱ्या कंपन्या १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनच कोचना पैसे देऊ लागल्या होत्या. कशाबद्दल? तर पोरांच्या पायात आमचे बूट घाला म्हणून. पाय पोराचे आणि पैसा कोचचा!

आणि पोराला काय? फी माफ, खोली, जेवण. हे थोडे नव्हे, हे मी मानतो.  पण २०१४ साली कनेटिकटच्या संघाने ती मार्चची स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांचा म्होरक्या शबाझ नेपियर याने पत्रकारांना सांगितले, की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्याच्या नावाचा बनियन दुकानात विकला जात होता! गंमत पाहा, तो बोलल्यावर थोड्याच दिवसांत मंडळाने पोरांच्या जेवणावरची बंधने काढून टाकली. म्हणजे करता येत होते. करायचे नव्हते.

या सगळ्यावर पांघरूण घालायला एक शब्द शोधून काढला होता: ‘विद्यार्थी-खेळाडू’. किती सोज्वळ शब्द! त्याचा जन्म मात्र एका मरणातून झाला. १९५५ साली कोलोरॅडोतील एका लहान कॉलेजचा तरुण फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेने कामगाराला मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली. असे दावे उभे राहू नयेत म्हणून मंडळाने हा शब्द जागोजागी रूढ केला. मंडळाचा कारभार १९५१ पासून १९८७ पर्यंत ज्यांच्या हाती होता त्या वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ च्या आपल्या पुस्तकात हे लिहून ठेवले आहे. निवृत्तीनंतर माणसाला खरे बोलायला सवड मिळते.

पुढची कथा एका चित्रपटात शोभेल अशी आहे. एड ओबॅनन हा १९९५ च्या विजेत्या संघाचा नायक. खेळ संपल्यावर तो लास वेगासजवळ मोटारी विकण्याची नोकरी करू लागला. एकदा एका मित्राच्या घरी गेला, तर मित्राचा मुलगा पडद्यावरचा व्हिडिओ खेळ खेळत बसलेला, आणि त्या खेळात धावतोय कोण? खुद्द ओबॅनन! तोच चेहरा, तोच क्रमांक, तोच डावरा हात. खेळ पैसे मोजून विकत आणलेला. ओबॅननला मात्र त्यातला छदामही नाही. त्याने २००९ साली दावा लावला. २०१४ साली याच विल्कनबाईंनी त्याच्या बाजूने निकाल दिला आणि भिंतीला पहिली भेग पडली. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात नऊ विरुद्ध शून्य अशा मताने मंडळाला फटकारले. १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. मग २०२५ ची ती तडजोड.

एवढे झाल्यावर आमच्या अण्णांसारखे तिकडचे अण्णा रडू लागले: वृद्ध कोचांचे आता कसे होणार?

काही जण गेले, हे खरे. व्हर्जिनियाचे टोनी बेनेट यांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, मोसम तोंडावर आला असताना राजीनामा दिला आणि सांगितले, की या नव्या व्यवस्थेला मी योग्य माणूस नाही. वय अवघे पंचावन्न. यांच्याविषयी मी वाकडा शब्द काढणार नाही. २०१९ साली संघाला विजेतेपद मिळवून दिल्यावर विद्यापीठ पगार वाढवू लागले, तर यांनी ती वाढ नाकारली, आपल्या मदतनिसांना द्या म्हटले आणि खेळाडूंच्या पुढील आयुष्याच्या सोयीसाठी पदरचे पाच लाख डॉलर दिले. असा माणूस ‘मला जमत नाही’ म्हणतो तेव्हा त्याला नमस्कार करावा आणि वाट द्यावी. पण बेनेट यांच्या धोतराआड लपून जे लोक ‘संस्कार बुडाले’ म्हणून टाहो फोडतात त्यांचे काय? त्यांनी कोणती पगारवाढ नाकारली होती?

मायामीचे जिम लारानागा यांची तक्रार मात्र मला बोचली. त्यांनी २०२३ साली संघाला अखेरच्या चौघांत नेले. नंतर त्या संघातले आठ जण सोडून गेले. इथे आनंदात होतो, म्हणाले, पण दुसरीकडे पैसा अधिक आहे. २०२४ च्या नाताळानंतर पंचाहत्तर वर्षांच्या या गृहस्थांनी थकलो म्हणून जागा सोडली. ज्याने वर्गात खडू धरला आहे त्याला हे दुःख कळेल. पोराचा हात बसायला एक वर्ष लागते, त्याचा स्वभाव कळायला दुसरे. दर वसंतात निम्मा वर्ग शाळा बदलू लागला तर शिकवणार कोणाला? अण्णा, इथे तुमचे बरोबर आहे, हे मी छापून देतो.

पण पोरांना ही सवय लावली कोणी? कॅलिपारींचा तो करार अर्धाही संपला नव्हता, तेव्हा २०२४ साली ते केंटकी सोडून आर्कान्सासला गेले. कोणी त्यांना वर्षभर बाकावर बसवले नाही. पोराने कॉलेज बदलले तर मात्र २०२१ पर्यंत वर्षभर सामन्याबाहेर बसण्याची शिक्षा होती! आणि पोराने चार वर्षे टिकावे असे खरेच वाटत असेल तर उपाय सोपा आहे. त्याला नोकर म्हणा, दोन्ही बाजूंनी सही करा, मुदत घाला. ते मात्र नको! डार्टमथ कॉलेजच्या खेळाडूंनी २०२४ च्या मार्चमध्ये तेरा विरुद्ध दोन मतांनी कामगार संघटना काढायचे ठरवले. कॉलेजने ही मुले आमचे कामगारच नव्हेत असा हेका धरला आणि वर्षअखेर तो अर्ज मागे घ्यावा लागला. हुकूम पाळण्यापुरता नोकर आणि हक्क मागताना विद्यार्थी, असे हे दुटप्पी नाते. त्यात निष्ठा कुठून उगवणार?

बाकी ज्यांना जमायचे त्यांना जमले. रिक पिटिनो यांचेच पाहा. २०१७ साली खेळाडूंच्या घरी गुपचूप पैसे पोचवल्याच्या प्रकरणात सरकारी धाडी पडल्या, माणसे पुढे तुरुंगात गेली, लुइव्हिल विद्यापीठाने पिटिनोंना काढून टाकले. त्यांनी हात झटकले होते. २०२२ साली चौकशी मंडळानेही त्यांना दोष दिला नाही. हेच गृहस्थ पुढे न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्समध्ये आले आणि २०२५ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, पैसे घेऊन आलेली पोरे खेळवून त्यांनी आपल्या गटाची दोन्ही अजिंक्यपदे जिंकली. माणूस मला फारसा आवडत नाही. पण ‘म्हाताऱ्याला जमणार नाही’ हे म्हणणे त्याने निकालात काढले. आणि भाच्याचे इझो? दरसालच्या पळापळीवर ते तोंडभर बोलतात, चिडतात. पण त्याच २०२५ साली बहुतांशी आपणच घडवलेल्या पोरांना घेऊन त्यांनी गट जिंकला आणि देशातल्या अखेरच्या आठांत ते पोचले. पोरांना दुसरीकडे जाता येत होते. बरीचशी राहिली. का राहिली असतील हे अण्णांनी झोपाळ्यावर बसून शांतपणे विचारात घ्यावे.

आता मला एवढा कढ का, असे कोणी विचारील. अमेरिकेतल्या चेंडूशी माझा काय संबंध?

वीसेक वर्षांपूर्वी मी एका खेड्यातल्या शाळेत नवाच मास्तर होतो आणि कबड्डीचा संघ माझ्याकडे होता. दहावीतला एक पोरगा चढाईला असा जायचा की पलीकडची सातही पोरे मागे सरायची. घरी जमीन नाही, आई मजुरीला. आसपासच्या जत्रांत रोख बक्षिसांचे सामने होत. मी त्याला तीन जत्रा खेळवले. खेळाच्या दिवशी त्याची मजुरी बुडे. “शाळेच्या नावासाठी खेळ, बाळ,” असे मी म्हणे, आणि मनापासून म्हणे. बक्षिसाच्या पैशातून कचेरीत लोखंडी कपाट आले. मला शाल आणि नारळ मिळाला. तिसऱ्या जत्रेत त्याचा गुडघा गेला. आई औषधाला पैसे मागायला आली, तेव्हा मी तिला सांगितले, “बाई, तो निधी संस्थेचा आहे.” ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हता, नाहीतर तोही वापरला असता.

मागच्या वर्षी तालुक्याच्या एसटी स्टँडवरून रिक्षा केली. चालवणारा वळून म्हणाला, “गुरुजी, ओळखलं का?” उतरताना पाहिले, तो उजवा पाय हाताने उचलून बाहेर घेत होता. पन्नास रुपये झाले होते. मी नोट पुढे केली. त्याने दोन्ही हात मागे घेतले.

“तुमच्याकडून कसे घेऊ, गुरुजी?”

मी पुष्कळ आग्रह केला. त्याने घेतले नाहीत.