इंदुरातील नारळाचे झाड

या अंकातील चित्रांच्या पानांसाठी विद्यार्थ्यांकडून आलेली चित्रे आम्ही टेबलावर ओळीने मांडली, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. वर्ग निराळे, मुले निराळी. चित्र मात्र बहुतेकांचे एकच! दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, तेथूनच निघून थेट कागदाच्या कडेपर्यंत वाहत येणारी नदी, काठी एक झोपडी, आणि झोपडीवर वाकलेले नारळाचे झाड. समुद्रापासून इतक्या दूर, माळव्याच्या पठारावर हे नारळाचे झाड आले कोठून? ते काढणाऱ्यांपैकी कित्येकांनी नारळ पाहिला असेल तो देवळात किंवा किराणा दुकानात. त्यांच्या दारचा कडुनिंब, गल्लीच्या तोंडाची चिंच, राजवाड्याचा सातमजली दर्शनी भाग, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, यांपैकी एकही वस्तू कागदावर उतरली नव्हती.

यात मुलांचा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. हे चित्र त्यांना कोणीतरी शिकविलेले आहे. चित्रकलेच्या वर्गाची फी भरणाऱ्या पालकास महिनाअखेर भिंतीवर लावण्याजोगे नीटस चित्र हवे असते. आणि वीस मुलांकडून वीस नीटस चित्रे मिळविण्याचा सोपा मार्ग म्हणजे फळ्यावर एक नमुना काढून तो सर्वांस उतरवून घ्यावयास लावणे. सगळेच वर्ग असे नसतात. मुलांना अंगणात नेऊन बसविणारे शिक्षकही या शहरात आहेत. परंतु त्यांच्याकडील मुलाचे वेडेवाकडे झाड घरी आले, की घरचेच कोणी म्हणते, “असे का झाड असते?” आणि मुलाच्या हातातील पेन्सिल काढून घेऊन स्वतः सरळ खोड काढून देते. त्या क्षणी ते झाड मुलाचे राहत नाही. पुढच्या खेपेस मूल शहाणे होते आणि सर्वांना पसंत पडणारा नारळच काढते.

साहित्याची उणीव आहे म्हणावे, तर तेही खरे नाही. अठ्ठेचाळीस रंगांची पेटी आज पुष्कळ घरी असते. ती वाढदिवसाला येते, “जपून वापर हं” या वाक्यासह मुलाच्या हाती पडते, आणि वर्षभर कपाटात सुखाने नांदते. उणीव असते ती कागदाची. एक कोरा कागद देऊन ‘नीट काढ, खराब करू नकोस’ असे बजावले, की मुलाचा हात आखडलाच म्हणून समजावे. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी, एका बाजूने छापलेले कचेरीतील कागद, वर्तमानपत्राची रद्दी यांचा गठ्ठा घरात मोकळा ठेवावा. तांबडा, पिवळा, निळा एवढे तीन जलरंग व एक जाडसा कुंचला असला, तर हिरवा, नारिंगी आणि जांभळा मुले आपल्या आपणच शोधून काढतात. पेटीतून आयता मिळालेल्या हिरव्यात हा आनंद नाही. चिंचेच्या वाळलेल्या काड्या झाकणाला बारीक भोक पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात भरून निखाऱ्यावर ठेवल्या आणि धूर निघण्याचे थांबल्यावर डबा पुरता गार होऊ दिला, की रेखाटनासाठी उत्तम कोळसा तयार होतो. (हे काम मात्र वडीलधाऱ्यांनी करावे.) आपल्याकडील जुने लघुचित्रकार अशाच कोळशाने पहिली रेघ ओढीत.

या बाबतीत आमच्या इंदूरला दूर कोठे पाहावयास नको. विष्णु चिंचाळकर (१९१७–२०००), ज्यांना सारे शहर ‘गुरुजी’ म्हणे, त्यांना वाळलेल्या पानात, झाडाच्या सालीत, फेकून दिलेल्या काडीकचऱ्यात माणसे व पशुपक्षी दिसत. त्यांत थोडी जोड देऊन ते ती आकृती इतरांस दिसेल अशी करीत, आणि मुलांनाही तसे पाहावयास शिकवीत. त्यांचे साहित्य रस्त्यावर पडलेले असे. डोळे तेवढे स्वतःचे लागत. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली येथे चित्रकलेचे विद्यालय सुरू केले. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन आणि स्वतः चिंचाळकर हे त्यांचेच विद्यार्थी. बेंद्रे पुढे १९५० साली बडोद्याच्या नव्या ललितकला विभागात शिकवावयास गेले. पण त्यांचे नाव प्रथम झाले ते निसर्गचित्रांमुळे. ज्या गावात एवढी माणसे डोळे उघडे ठेवून हिंडली, त्या गावातील मुलांनी न पाहिलेला नारळ काढीत बसावे, हे आम्हांस खुपते.

वडीलमंडळींना कला येत नाही, ही सबबही आम्हांस पटत नाही. पितृपंधरवड्यात आपल्या शेजारच्या माळवी घरी मुली भिंतीवर गोमयाची संजा घालतात, रोज नवी आकृती, वर फुलांच्या पाकळ्या. शेवटी मोठा किलाकोट. त्यांच्या आया व आज्या शेजारी बसून त्यांना साहाय्य करतात. आपल्याकडे दिवाळीत किल्ला होतो, त्या वेळी वडीलही गुडघाभर चिखलात उतरलेले आम्ही पाहिले आहेत. तेथे कोणी ‘बुरूज असा असतो का?’ म्हणून मुलास बाजूस सारीत नाही. मग कागद पुढे आला म्हणजेच ही माणसे परीक्षक का होतात? रविवारी अर्धा तास त्यांनी मुलाशेजारी स्वतःचा कागद घेऊन बसावे, समोरचा तांब्या किंवा चप्पल काढावी, आणि आपली चप्पल मुलाच्या चपलेहून वाईट आली तर तीही भिंतीवर लावावी.

शाळेकडेही आमचे एक मागणे आहे. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताकडे जातो, आणि तो परत आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आठवड्यास एकच तास. निदान तेवढा तरी अबाधित राहावा. महाराष्ट्रातील रेखाकलेच्या शासकीय परीक्षांत वस्तुचित्राबरोबर स्मरणचित्रही असते. स्मरण व्हावयाचे ते पाहिलेल्या वस्तूचे. त्यासाठी त्या तासातून मुलांना पटांगणात सोडावयास हवे.

पुढील वर्षीच्या अंकासाठी चित्रांचा विषय आम्ही आताच सांगून ठेवतो: ‘माझ्या घराजवळचे झाड’. चित्राच्या पाठीमागे झाडाचे नाव, ते कोठे आहे, आणि किती वाजता पाहून काढले, हे लिहावे. मांडूस जाणाऱ्यांनी तेथील फुगीर खोडाची गोरखचिंच काढून आणल्यास ती ‘जवळची’ मानली जाईल. चित्र शाईचे, कोळशाचे, हळदीचे, कसलेही चालेल. पालकांची चित्रेही स्वीकारली जातील. त्यांच्यासाठी निराळे पान राखले आहे. नारळ पाठविणाराने झाडाचा पत्ता मात्र अवश्य द्यावा. आम्ही जाऊन पाहून येऊ.