दिव्याचा जमाखर्च

व्यापारी कुटुंबात भाव विचारल्यावाचून खरेदी होत नाही. तरीही एका वस्तूचा भाव पिढ्यान्‌पिढ्या अर्धाच विचारला गेला. तापलेल्या तारेचा बल्ब दहा-पंधरा रुपयांत मिळे आणि म्हणून तो स्वस्त वाटे; त्याची उरलेली किंमत वीजबिलातून हळूहळू वसूल होत असे.

६० वॅटचा बल्ब रोज ५ तास लावला तर वर्षाला सुमारे ११० युनिट वीज खातो. तेवढाच प्रकाश देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्याला सुमारे १६ युनिट पुरतात. युनिटला ८ रुपये दर धरल्यास एका दिव्यामागे वर्षाकाठी साडेसातशे रुपयांच्या आसपास फरक पडतो. शिवाय तारेचा बल्ब प्रकाश थोडा आणि उष्णता फार देतो. वातानुकूलित दुकानात ती उष्णता बाहेर काढण्यासाठी पुन्हा वीज खर्ची पडते.

घराघरांतला ‘झीरोचा बल्ब’ तर हिशेबाच्या दृष्टीने विलक्षणच म्हटला पाहिजे. नाव शून्य, पण प्रत्यक्षात तो सुमारे १५ वॅट वीज घेतो. जुन्या मीटरवर एवढा किरकोळ वापर नीट नोंदला जात नसे, त्यामुळे तो फुकटचा समजला गेला. इलेक्ट्रॉनिक मीटर आले, तरी समजूत बदलली नाही. रात्रभर, म्हणजे १० तास जळणारा हा शून्याचा दिवा वर्षाला ५५ युनिट घेतो. अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा तेच काम २ युनिटांत करतो.

फायदा एवढा उघड असताना बदलाला वेळ का लागला? अडचण भांडवलाची होती. २००९ च्या ‘बचत लॅम्प योजने’त सीएफएल दिवा साध्या बल्बच्या किमतीला देऊन फरक कार्बन क्रेडिटच्या विक्रीतून भरून काढण्याची कल्पना होती. पुढे कार्बन क्रेडिटचे भाव कोसळले आणि योजनेचा आधारच गेला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या एलईडी योजनेने, जी पुढे ‘उजाला’ म्हणून ओळखली गेली, निव्वळ व्यापारी मार्ग पत्करला. ईईएसएल या सरकारी कंपनीने निविदा काढून घाऊक खरेदी केली. २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा अवघ्या काही वर्षांत ४० रुपयांच्या आत आला. अनेक ठिकाणी ग्राहकाने आरंभी १० रुपये द्यावेत आणि उरलेली रक्कम वीजबिलातून हप्त्यांनी फेडावी, अशीही सोय होती. बिलात होणारी बचत हप्त्यापेक्षा मोठी, म्हणजे कर्ज स्वतःच्या उत्पन्नातून फिटणारे. कोणत्याही बँकेला असा प्रस्ताव आवडावा. या योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले.

कापडाच्या आणि सराफी पेढीवर मात्र वॅट पाहून भागत नाही. तारेच्या बल्बखाली रंग त्याच्या पिवळसर छटेत, पण एकसंध दिसतात. हलक्या एलईडीखाली लाल-मरून रंग फिके पडतात, आणि दुकानात पसंत केलेली साडी दुसऱ्या दिवशी ‘रंग वेगळा आहे’ म्हणून परत येते. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा ‘सीआरआय’ नावाचा अंक असतो. तारेच्या बल्बचा तो जवळपास १००, सामान्य एलईडीचा ८० च्या आसपास. ९० च्या वरचे दिवे थोडे महाग पडतात. गल्ल्यावर आणि गोदामात त्यांची गरज नाही, पण माल दाखवण्याच्या जागी तेच हवेत.

रस्त्यावर मिळणारे विनानावाचे दिवेही टाळावेत. एलईडी सहसा जात नाही, जाते ते त्याच्या आतील सर्किट. मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह आणि बदलून देण्याची लेखी हमी पाहून घ्यावी. बंद काचेच्या हंडीत बसवलेला दिवा उष्णतेने लवकर बिघडतो.

दिवे बदलूनही बिल उतरले नाही, अशी तक्रार काही घरांतून ऐकू येते. तिथे बहुधा एका बल्बच्या जागी छतात १२ वॅटचे बारा दिवे बसलेले असतात. म्हणजे १४४ वॅट, जुन्या दोन बल्बांहून अधिक. बिल तपासताना रुपयांवर विसंबू नये, कारण दर आणि स्थिर आकार बदलत राहतात. मागील महिन्यांचा वापर महावितरणच्या बिलावरच छापलेला असतो. त्यातील गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे युनिट शेजारी मांडून पाहावेत.